चार माणसं, नऊशे दिवस: झाडं लावून हवा, पाणी आणि अन्न भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा: मंगळापर्यंत जाऊन परत येणारी मोहीम आहे, चार माणसं आहेत, सुमारे ९०० दिवस काढायचे आहेत. झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, ऑक्सिजन सोडतात, पाणी गाळतात आणि वर खायलाही देतात. मग यानात सरळ शेतीच का करत नाहीत? पाकिटबंद अन्नाचे ढीग आणि यंत्रांची रांग कशाला वाहून न्यायची? आणि झाडं जमत नसतील तर शेवाळावर काम भागेल का?

झाडांबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. अडचण आहे ती साठ्याची. पृथ्वीवर हवेचा आणि पाण्याचा इतका प्रचंड साठा आपल्याभोवती आहे की एखादं शेत वाळलं म्हणून कोणाचा श्वास अडत नाही. यानात असा साठा नसतो. जे आत आहे तेच फिरवून फिरवून वापरायचं, आणि हे चाक कुठे अडलं तर काही तासांत त्याचा परिणाम माणसांवर दिसायला लागतो. म्हणून कुठलीही योजना समोर आली की आम्ही दोन गोष्टी तपासतो. एक किलो माल न नेता भागवायचं तर त्यासाठी किती किलोचं यंत्र न्यावं लागतं? आणि ते यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीला किती वेळ हातात असतो? झाडं या दोन्ही ठिकाणी अडतात. कशी, ते खाली आकड्यांनी दाखवतो.

आधी एक कबुली. उत्तर मुक्कामावर अवलंबून आहे. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाला दर काही महिन्यांनी मालवाहू यान गाठतं, तिथलं गणित वेगळं. चंद्रावर किंवा मंगळावर दहा-पंधरा वर्षं चालणारा तळ असेल तर तेही वेगळं, कारण तिथे थोडं का होईना गुरुत्व असतं आणि एकदा नेलेलं यंत्र वर्षानुवर्षं वापरता येतं. तुमचा प्रश्न मधल्या, सगळ्यात अवघड टप्प्यातला आहे: लांबचा पल्ला, वाटेत रसद नाही, आणि मुदत शेतीची गुंतवणूक वसूल होण्याइतकी मोठीही नाही.

एका माणसाचा रोजचा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन आत जातो आणि साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोरडं मोजलं तर अन्न ०.६ किलो, पण त्यातला ओलावा आणि वेष्टण धरून प्रत्यक्ष वाहायचं वजन १.८ किलोच्या आसपास. पिणं, अन्न भिजवणं, अंग पुसणं, शौचालय हे सगळं काटकसरीनं केलं तर पाणी साडेतीन किलो. बाहेर पडताना यातलं दीडेक लिटर लघवीतून जातं, आणि त्याहून जास्त घाम आणि उच्छ्वासाच्या वाफेतून हवेत मिसळतं.

चार माणसं गुणिले ९०० म्हणजे ३,६०० माणूस-दिवस. काहीच फिरवलं नाही तर पाणी १२.६ टन, अन्न साडेसहा टन आणि ऑक्सिजन ३ टन, आणि यात टाक्यांचं वजन धरलेलंच नाही. कामाचा क्रम या आकड्यांतच दिसतो. पाणी सगळ्यात जड आहे आणि परत मिळवायला सगळ्यात सोपं, म्हणून पाण्याचं चक्र आधी बंद करायचं. त्यानंतर हवा. अन्न सगळ्यात शेवटी.

पाण्याचं काम बऱ्यापैकी सुटलेलं आहे. स्थानकावर घाम आणि उच्छ्वासाची वाफ थंड पृष्ठभागावर धरून गोळा करतात. लघवी वेगळ्या यंत्रात, फिरत्या पिंपात कमी दाबाखाली उकळतात. पिंप फिरवावं लागतं, कारण वजनरहित अवस्थेत द्रव तळाला बसत नाही. फिरवल्यावर तो भिंतीला पातळ थरानं चिकटतो आणि वाफ मधून काढता येते. मग दोन्ही पाणी एकत्र करून गाळण्या आणि आयन शोषणारे थर, पुढे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास चालणारा उत्प्रेरक कक्ष, आणि शेवटी जंतू वाढू नयेत म्हणून आयोडीन. पिण्याआधी ते आयोडीन पुन्हा काढून टाकतात.

इथे काय बिघडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. लघवीचं यंत्र २००८ मध्ये स्थानकावर गेलं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं, अशी त्याची रचना होती. जमिनीवरच्या चाचण्यांत ते जमलं, वर मात्र पिंपाच्या आत कॅल्शियम सल्फेटचा थर धरू लागला. कारण माणसांच्या हाडांत होतं. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं, त्यामुळे अंतराळवीराच्या लघवीत ते जमिनीवरच्या माणसापेक्षा जास्त असतं. दुसरीकडे, लघवी साठवताना कुजू नये म्हणून तिच्यात क्रोमियमयुक्त रसायन आणि सल्फ्युरिक आम्ल घालत होते. कॅल्शियम शरीराकडून, सल्फेट आम्लाकडून, आणि पाणी आटत गेलं की दोघांचा मिळून खडा. सुरुवातीचा उपाय म्हणजे कमी आटवणं, म्हणून वसुली ७० ते ७५ टक्क्यांवर उतरवावी लागली. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आणलं आणि यंत्र मूळ आकड्यावर परत आलं. मागे उरणारा घट्ट खारा गाळ २०२१ पासून एका पडद्याच्या पिशवीत भरून त्यावरून कोरडी उबदार हवा फिरवतात. पडद्यातून फक्त वाफ निघते, घाण आत राहते. या शेवटच्या पायरीमुळे २०२३ मध्ये एकूण पाण्याची वसुली ९८ टक्क्यांवर पोचली.

९० टक्के आणि ९८ टक्के यांत फार फरक नाही असं वाटतं. तुमच्या मोहिमेत १० टक्के गळती म्हणजे १,२६० किलो पाणी, आणि २ टक्के म्हणजे २५२ किलो. हजार किलो वजन एका पिशवीनं वाचतं.

पाण्याबाबत आणखी दोन दुखणी लक्षात ठेवा. सांडपाण्याच्या टाकीत जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि त्याचे तुकडे सुटून झडपा तुंबवतात. दुसरं जास्त फसवं आहे: २०१० मध्ये शुद्ध पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा आकडा हळूहळू चढू लागला. शोध घेतल्यावर तो एक सिलिकॉनयुक्त संयुग निघाला. अंगाला लावायच्या वस्तू आणि सिलिकॉनचे भाग यांतून निघणारी बाष्पं हवेत जातात, हवेतून पाण्यात उतरतात, आणि गाळणीतून सहज निसटतात. म्हणजे कोणत्या बनावटीचा डिओडरंट न्यायचा, हादेखील पाणी शुद्ध करणाऱ्याचा प्रश्न ठरतो. बंद जागेत हवा आणि पाणी वेगळी खाती नाहीतच.

आता हवा. बहुतेक लोक ऑक्सिजन संपेल म्हणून घाबरतात. आधी मारतो तो कार्बन डायऑक्साइड. १०० घनमीटरची केबिन धरा, चार माणसं. रोज ४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे २.२ घनमीटर, म्हणजे हवेतलं त्याचं प्रमाण दिवसाला २.२ टक्क्यांनी चढतं. काढायचं यंत्र थांबलं तर पाच-सहा तासांत अर्धा टक्का होतो. डोकं दुखणं, चिडचिड, साध्या कामातल्या चुका, हे त्याच सुमारास किंवा त्याहीआधी सुरू होतं. वजनरहित अवस्थेत हा त्रास जमिनीपेक्षा कमी प्रमाणातही जाणवतो. त्याच वेळात ऑक्सिजन मात्र दिवसाला अडीच टक्क्यांच्या गतीनं उतरतो, म्हणजे २१ वरून १८ वर यायला एक दिवसाहून जास्त लागतो. म्हणून हाताशी पर्याय ठेवायचा तो कार्बन डायऑक्साइडसाठी.

जुना पर्याय लिथियम हायड्रॉक्साइडचा. एक किलो वायू धरायला १.०९ किलो भुकटी लागते आणि ती एकदाच वापरता येते. १९७० मध्ये अपोलो १३ च्या वेळी चौकोनी डबे गोल जागेत बसवायची जी धडपड झाली, ती याच भुकटीच्या डब्यांची. सगळ्या ९०० दिवसांना ही भुकटी वापरायची म्हटलं तर जवळपास चार टन लागेल, म्हणून तो पर्याय फक्त आणीबाणीसाठी. रोजच्या कामाला झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे दाणे वापरतात: त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू अडकतो, मग गरम करून आणि दाब कमी करून तो सोडवून घेतात. एक थर शोषत असताना दुसरा रिकामा होतो. अट एकच, हवा आधी पूर्ण कोरडी करायची, कारण झिओलाइटला पाण्याची ओढ जास्त. ओली हवा गेली तर सगळी छिद्रं पाण्यानं भरतात. आणि हे दाणे पुन्हापुन्हा तापून-गार होऊन भुगा होतात. तो भुगा झडपांत जाऊन बसतो. स्थानकावरच्या या यंत्राचा बराच त्रास या धुळीनं दिलेला आहे.

ऑक्सिजन पाण्यातून विजेनं काढतात. आता हा हिशोब सावकाश पाहा, कारण झाडांचा मुद्दा इथेच येतो. एका माणसाच्या ०.८४ किलो ऑक्सिजनसाठी ९४५ ग्रॅम पाणी फोडावं लागतं, आणि १०५ ग्रॅम हायड्रोजन उरतो. तो फेकून न देता साबातिए अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडबरोबर तापवला की मिथेन आणि पाणी मिळतं. १०५ ग्रॅम हायड्रोजनला सुमारे ५८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पुरतो, आणि ४७० ग्रॅम पाणी परत येतं. उरलेल्या वायूसाठी हायड्रोजनच नसतो, म्हणून तो बाहेर सोडावा लागतो. मिथेनही बाहेर जातो. म्हणजे ऑक्सिजनसाठी खर्च झालेल्या पाण्यातलं साधारण अर्धंच परत मिळतं आणि माणशी रोज ४७० ग्रॅमची तूट राहते. शुद्धीकरणातली २ टक्के गळती ७० ग्रॅम, विष्ठेबरोबर जाणारं पाणी शंभरेक ग्रॅम. एकूण ६४० ग्रॅम.

ही तूट भरून काढणारे दोन झरे आहेत आणि दोन्ही अन्नातून येतात. शरीर अन्न जाळतं तेव्हा रोज सुमारे ३५० ग्रॅम नवं पाणी तयार होतं. उरलेले ३०० ग्रॅम अन्नातल्या ओलाव्यातून येऊ शकतात. हे कळलं की एक गैरसमज सुटतो. वजन वाचवायला सगळं अन्न सुकवून न्या, असं कोणीही पटकन सुचवतं. पण चक्राला रोज ३०० ग्रॅम पाणी बाहेरून हवंच असेल, तर ते अन्नात भरून न्या किंवा टाकीत, वजन तेवढंच. अन्नात नेलेलं बरं, कारण ओलं अन्न चवीला चांगलं असतं आणि त्याला वेगळी टाकी लागत नाही. तीनशे ग्रॅमच्या वरचा ओलावा मात्र निव्वळ ओझं, तेवढाच सुकवावा.

इथवरचं एका ओळीत: पाणी जवळपास पूर्ण फिरतं, ऑक्सिजन अर्धा फिरतो, आणि पाकिटातलं अन्न ही फक्त खायची वस्तू नसून संपूर्ण चक्राला रोज थोडा हायड्रोजन आणि पाणी पुरवणारा साठा आहे.

पाकिटबंद अन्नाच्या मर्यादाही खऱ्या आहेत. मंगळाच्या मोहिमेसाठी अन्न पाचेक वर्षं टिकायला हवं, कारण काही माल माणसांच्या आधीच पाठवावा लागतो. जंतू मारणं, हवा-ओल न शिरणारं वेष्टण, हे जमतं. हरतात ती जीवनसत्त्वं. क आणि ब-१ साठवणीत हळूहळू नष्ट होतात, मग अन्न खाण्यालायक असूनही पोषणाला अपुरं पडतं. ड जीवनसत्त्व सूर्यप्रकाशाशिवाय शरीरात तयार होत नाही म्हणून गोळीनं द्यावं लागतं. मीठ जास्त झालं तर हाडांची झीज वाढते, म्हणून स्थानकावरच्या पदार्थांतलं सोडियम मुद्दाम कमी केलं गेलं. लोह उलट, गरजेपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. आणि वजनरहित अवस्थेत रक्त-पाणी डोक्याकडे सरकतं, नाक चोंदल्यासारखं होतं, वास मंदावतो, त्यामुळे सगळं बेचव लागतं. तिखट आणि आंबट पदार्थांना वर मागणी असते ती याचमुळे. तोच तो जेवणाचा फेरा आला की माणसं कमी खातात, वजन उतरतं, स्नायू आणि हाडं आणखी झिजतात. जेवणात विविधता ठेवणं हा औषधोपचाराचाच भाग समजा.

बारीक गोष्टीही महत्त्वाच्या. भुगा होणारा पदार्थ चालत नाही, कण तरंगत डोळ्यांत आणि पंख्यांत जातात. म्हणून पावाऐवजी मऊ पातळ पोळी, आणि मीठ-मिरपूड द्रवात मिसळून. ओलसर, चिकट पदार्थ पृष्ठताणामुळे चमच्याला धरून राहतात, त्यामुळे उघड्या पाकिटातून खाणं शक्य होतं. पाकिट खोल असतं म्हणून चमच्याचा दांडा लांब, नाहीतर बोटं रश्श्यात.

आता तुमचं शेत. एका माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला चांगल्या दिव्यांखाली सुमारे ४० चौरस मीटर धरतो. हा आकडा कुठून येतो? मध्यम-तीव्र प्रकाश, सेकंदाला चौरस मीटरवर ५०० मायक्रोमोल (पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येचं माप), दिवसाला १६ तास. त्यातून चौरस मीटरमागे रोज सुमारे २९ ग्रॅम कोरडं पीक वाढतं, आणि त्यातलं साधारण निम्मं खाण्याजोगं. ४० चौरस मीटरवर रोज ५६०-५८० ग्रॅम, म्हणजे एका माणसापुरतं जेमतेम. चार माणसांना १६० चौरस मीटर. उत्तम एलईडी धरले तरी दिवे चालू असताना २७ किलोवॉट, दिवसाची सरासरी १८. स्थानकाची मूळ सौर पॅनल मिळून ८४ ते १२० किलोवॉट देण्यासाठी बांधली होती. आणि मंगळाजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या ४३ टक्केच, म्हणजे तेवढ्याच विजेला दुपटीहून मोठी पॅनल.

ही वीज जाते कुठे? जवळपास सगळी उष्णता होऊन पानांतून बाष्प काढण्यात. भरात आलेलं पीक चौरस मीटरमागे रोज ३ ते ४ लिटर पाणी हवेत सोडतं. १६० चौरस मीटरला रोज ५०० ते ६०० लिटर. चार माणसांचं सगळं पाणी मिळून १४ लिटर. म्हणजे हवेतली ओल काढणारी यंत्रणा तीस-चाळीस पट मोठी करायची, आणि ती उष्णता अवकाशात टाकायला तेवढेच मोठे विकिरक लावायचे. पाणी शुद्ध मिळतं हे खरं, पण गरजेच्या कितीतरी पट पाणी शुद्ध करून आपण नुसतं फिरवत बसतो. दिवे, पंप, ताटं, चौकटी मिळून चौरस मीटरमागे १०० किलो धरले तर शेतच १६ टन होतं. साडेसहा टन अन्न वाचवायला १६ टन न्यायचे, हे ९०० दिवसांत वसूल होत नाही. दहा वर्षांच्या तळावर होईल, आणि तिथे मी शेतीच्या बाजूनेच बोलेन.

वजन बाजूला ठेवलं तरी समतोल राखणं कठीण आहे. खाल्लं जात नाही ते अर्धं पीक, म्हणजे काड, मुळं, पाला, यात कार्बन आणि खनिजं अडकून पडतात. ते जाळलं किंवा कुजवलं नाही तर पुढच्या पिकाला कार्बन डायऑक्साइड आणि नत्र कमी पडतं. जाळलं तर झाडांनी दिलेला जास्तीचा ऑक्सिजन त्यात जातो आणि धुरातले विषारी वायू काढायला आणखी यंत्रं लागतात. तेल, प्रथिनं बाहेरून आणली तर आणखी गुंता: स्निग्ध पदार्थ जाळताना शरीर जितका ऑक्सिजन घेतं तितका कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, आणि पिष्टमय पीक मात्र दोन्हींचा व्यवहार जवळपास एकास एक करतं. फरक रोजचा थोडा, पण बंद जागेत तो साठत जातो.

साठत गेल्यावर काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत ॲरिझोनातलं बायोस्फियर २, म्हणजे शेती आणि माणसं आत ठेवून हवाबंद केलेली काचेची वास्तू. सव्वा हेक्टर जागा, आठ माणसं, १९९१ ते १९९३. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ पर्यंत घसरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. भरपूर सेंद्रिय खत घातलेल्या मातीतले जंतू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा होता, पण तो नव्या काँक्रीटमध्ये मुरत होता, त्यामुळे कारण उशिरा सापडलं. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचं बायोस-३, १९७२ पासूनचं, ३१५ घनमीटरचं, जास्त शिस्तीत चाललं: तिथे माती नव्हती, गहू आणि भाज्या होत्या, हवा आणि पाणी जवळपास पूर्ण फिरलं, पण प्राणिज पदार्थ बाहेरूनच आले. बीजिंगच्या चांद्र प्रासाद-१ मध्ये २०१८ साली संपलेला ३७० दिवसांचा प्रयोग याहून पुढे गेला. हे तिन्ही प्रयोग जमिनीवरचे आहेत, गुरुत्वात, आणि दार उघडून बाहेर पडता येईल अशा ठिकाणी.

वजनरहित अवस्थेत मुळांची कोंडी होते. पाणी खाली झिरपत नाही, मुळांभोवती जाड थर धरून बसतं आणि त्यांना हवा मिळत नाही. म्हणून भाजलेल्या चिकणमातीचे बारीक दाणे वापरतात, दाण्यांमधल्या फटी हवेला आणि दाण्यांच्या आतली छिद्रं पाण्याला जागा देतात. तरीही चुकतं. २०१५ च्या अखेरीस स्थानकावरच्या झिनियाच्या रोपांना जास्त पाणी आणि मंद पंखा यामुळे बुरशी लागली. पंख्याचा वेग वाढवून आणि रोप पाहून पाणी द्यायचं ठरवून उरलेली रोपं जगली आणि जानेवारी २०१६ मध्ये फुलली. मीर या जुन्या रशियन अंतराळ स्थानकावर १९९६-९७ मध्ये गहू हिरवागार वाढला, ओंब्याही धरल्या, पण दाणा एक भरला नाही. झाडंच सोडतात तो इथिलीन वायू बंद हवेत साठला होता आणि त्यानं परागकण नासवले. शेतात तो वाऱ्यावर जातो, आपल्या लक्षातही येत नाही. पूर्ण अन्नासाठी त्या गव्हावर अवलंबून असलेली माणसं असती तर तीन महिन्यांनी रिकामी ओंबी हातात आली असती, आणि पुढचं पीक आणखी तीन महिन्यांवर. दुसरी कसोटी, दुरुस्तीला मिळणारा वेळ, ती इथे हुकते.

शेवाळाचं थोडक्यात. हवेसाठी ते फार चांगलं: बायोस मालिकेत एका माणसाच्या श्वासाला क्लोरेला या सूक्ष्म शेवाळाचे सुमारे ८ चौरस मीटर प्रकाशित क्षेत्र पुरलं. खायला मात्र नाही. पेशीभित्ती पचत नाही, आणि न्यूक्लिक आम्लं जास्त असल्यानं शरीरात युरिक आम्ल वाढतं. हाडांच्या कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका आधीच असलेल्या माणसाला हे नको. शिवाय बुडबुडे वर येत नाहीत, त्यामुळे द्रवातून ऑक्सिजन वेगळा काढायलाही यंत्रच लागतं.

म्हणून तुमच्या मोहिमेला माझं उत्तर असं. पाणी ९८ टक्के फिरवा, हवेला झिओलाइट आणि साबातिए, अन्न पाकिटातलं आणि मुद्दाम ओलं ठेवलेलं. त्याशिवाय तीन-चार चौरस मीटरची भाजी ठेवाच: लेट्यूस, मोहरीची पानं, मुळा, बुटका टोमॅटो, मिरची. स्थानकावर २०१५ च्या ऑगस्टमध्ये पिकवून खाल्लेल्या लाल लेट्यूसचं क्षेत्र पाव चौरस मीटरही नव्हतं. ताजी पानं क जीवनसत्त्वाची तूट भरतात, आणि महिनोन्‌महिने पाकिटं खाणाऱ्या माणसाला करकरीत काहीतरी चावायला मिळतं. ते वाळलं तर कोणी उपाशी राहत नाही, हाच त्याचा गुण. धान्य लावू नका.

आणीबाणीला ३० दिवसांचं लिथियम हायड्रॉक्साइड घ्या, म्हणजे १३० किलो भुकटी. तेवढ्यात झिओलाइटचं यंत्र पूर्ण उघडून साफ करता येतं. ऑक्सिजनसाठी दाबाखालच्या टाक्या ठेवा. पेटवून ऑक्सिजन देणारी रासायनिक नळकांडीही असतात, एक नळकांडं एका माणसाला साधारण दिवसभर पुरतं, पण १९९७ च्या फेब्रुवारीत मीरवर त्यातल्याच एकानं आग लागली होती, म्हणून ती शेवटचा उपाय. सुट्या भागांची यादी करताना मोठी यंत्रं नंतर, आधी झडपा, पंप, गाळण्या, आणि सगळ्यात आधी पंखे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, उच्छ्वास तोंडासमोरच साचतो, आणि झोपलेल्या माणसाच्या नाकाभोवती त्याच्याच कार्बन डायऑक्साइडचा ढग धरतो. केबिनमधली हवा मोजमापात शुद्ध असली तरी तो गुदमरून, डोकं धरून उठतो. झोपायच्या प्रत्येक कप्प्यात एक पंखा चालू, त्याला जोडीचा एक तयार, आणि चालू पंखा थांबला तर वाजणारी घंटा, एवढं आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहा.